एक क्रेट म्हणजे नक्की किती, आणि विकत कुठला घ्यायचा?

घोडबंदर रोडच्या एका दादांचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. त्यांना जुन्नरकडच्या दोन-तीन शेतकऱ्यांकडून थेट टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची आणून आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये विकायची आहे. शेतकरी फोनवर "कॅरेटला चारशे" सांगतो, वाशी मार्केटला विचारलं तर किलोचा भाव कळतो, दुधाच्या एजन्सीवाला क्रेटचं डिपॉझिट मागतो, आणि त्यांचा मेहुणा जेएनपीटीवरून दुबईला मशिनचे पार्ट पाठवतो तो म्हणतो क्रेट लाकडाचाच असतो. तर एक क्रेट म्हणजे किती, आणि मी कुठले घेऊ, किती घेऊ?

दादा, मी तुर्भ्याला ह्याच धंद्यात आहे. आम्ही भाजीचे प्लास्टिक क्रेट विकतो, भाड्याने देतो आणि मागच्या शेडमध्ये एक्सपोर्टचं लाकडी पॅकिंग करतो. त्यामुळे तुम्ही सांगितलेली ही चारही प्रकारची माणसं माझ्या टेबलासमोर येऊन बसतात आणि चौघंही क्रेटच मागतात. चौघंही बरोबर असतात, फक्त प्रत्येकाच्या डोळ्यासमोर वेगळी वस्तू असते. मेहुण्याचं मी खाली सांगतेच, पण तुमचं घोडं अडलंय ते हिशोबात. चारशेचा भाव स्वस्त की महाग हे तुम्हाला कळत नाहीये, कारण चारशे कशाचे हेच ठरलेलं नाही.

क्रेट हे भांडं आहे, माप नाही. एखाद्या बाजारात सगळ्यांनी मिळून ठरवलं की ह्या भांड्यात एवढाच माल भरायचा, की मग तिथे ते मापासारखं वापरलं जातं. टोमॅटोच्या बाबतीत तसं झालंय. नारायणगाव, पिंपळगाव बसवंत, नाशिक ह्या बाजारांत टोमॅटोचा क्रेट म्हणजे २० किलो धरतात आणि लिलाव क्रेटवरच होतो. २०२३ च्या जुलैमध्ये नारायणगावला क्रेट दोन हजारांच्या वर गेला होता तेव्हाच्या बातम्या आठवत असतील, त्या ह्याच २० किलोच्या होत्या. आणि हो, शेतकरी कॅरेट म्हणाला, कुणी करेट म्हणाला तर गोंधळून जाऊ नका, बाजारात बोलायची तीच पद्धत आहे, पेपरातसुद्धा "प्रति कॅरेट" छापून येतं.

पण टोमॅटोचा आकडा काकडीला आणि ढोबळीला लावू नका. ढोबळी आतून पोकळ असते, टोमॅटोचे वीस किलो जिथे आरामात बसतात त्याच क्रेटात ढोबळी वजनाला जेमतेम निम्म्याच्या आसपास भरते. काकडी आडवी नीट लावली तर वीसच्या जवळ जाते, नुसती ओतली तर कमी भरते. वांगी मधेच कुठेतरी येतात, जात कुठली, भरताची का काटेरी छोटी, त्यावर आहे. म्हणजे एकाच शेतकऱ्याने एकाच फोनवर तुम्हाला "टोमॅटो चारशे, ढोबळी चारशे" सांगितलं तर ते एकसारखे भाव अजिबात नाहीत, ढोबळी किलोला जवळजवळ दुप्पट पडतेय. हे नव्या माणसाच्या लक्षात येत नाही आणि पहिल्या महिन्यात पैसे तिथेच जातात.

त्यामुळे फोनवर भाव ऐकला की लगेच चार गोष्टी विचारायच्या, अगदी ओळखीचा माणूस असला तरी. भरती किती, म्हणजे एका क्रेटात माल किती किलो? वजन क्रेटसकट की क्रेट वजा करून? क्रेट कुणाचा, म्हणजे माल उतरवून रिकामा परत करायचा का त्याचे पैसे ह्या भावातच धरलेत? आणि वाटेत किंवा आत नासका, फुटका निघाला तर तो कुणाच्या अंगावर? चांगला शेतकरी ह्याने रागावत नाही, उलट समोरच्याला व्यवहार कळतो म्हणून नीट बोलतो.

दुसरा प्रश्न किरकोळ वाटतो पण सगळ्यात जास्त भांडणं त्यावरूनच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. भाजीचा जो नेहमीचा क्रेट, बाहेरून साधारण ५४० बाय ३६० मिलिमीटर आणि २९० उंच, तो रिकामा दीड ते दोन किलोचा असतो. जाड तळाचा असेल तर वर, पातळ असेल तर खाली. आता समजा वीस किलो हे क्रेटसकट वजन आहे आणि क्रेट १.८ किलोचा आहे, तर माल आला १८.२ किलो. त्यातून समजा एक किलो पिचका, फुटका निघाला, राहिले १७.२. चारशेचा क्रेट, त्यावर भाडं-हमाली मिळून चाळीस रुपये धरू, झाले ४४०. भागिले १७.२, म्हणजे किलोला साडेपंचवीसच्या वर. आता हेच वीस किलो निव्वळ मालाचे असते तर एक किलो खराब जाऊन १९ राहिले असते आणि किलो पडला असता तेवीसच्या आसपास. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे वेगळे येतील, पण बघा नुसतं बारदान, म्हणजे रिकाम्या क्रेटचं वजन, वीस किलोच्या आत का बाहेर एवढ्यावर किलोमागे अडीच रुपयांच्या जवळ फरक पडला, आणि तुम्ही मात्र डोक्यात "चारशे भागिले वीस, वीस रुपये किलो" धरून बसला असाल. सोसायटीत भाजी विकून किलोमागे सुटतं किती हे तुम्हीच मांडून बघा.

म्हणून एक सवय लावून घ्या. माल आला की काट्यावर आधी रिकामा क्रेट ठेवायचा, आकडा बघायचा, काटा शून्य करायचा आणि मग भरलेला क्रेट ठेवायचा. एकाच लॉटचे क्रेट असतील तर दोन-चार तपासले तरी पुरे. वेगवेगळ्या लॉटचे, वेगवेगळ्या रंगाचे, जुने-नवे मिसळलेले असतील तर प्रत्येक प्रकारचा एकेक रिकामा तोलायचा. पावसाळ्यात क्रेट ओला असतो, मातीने माखलेला असतो, तेव्हा त्याचंही वजन वाढतं. बाजारात ह्या सगळ्याच्या नावाखाली पूर्वी सरसकट कडता धरायचे, म्हणजे अंदाजाने काही वजन कापायचे, आणि त्यात शेतकऱ्याचं नुकसान व्हायचं. तुम्ही थेट शेतकऱ्याकडून घेताय तर अंदाजाने कापू नका आणि अंदाजाने देऊही नका, दोघांसमोर तोला.

विकताना मात्र किलोच. वैधमापन कायदा २००९ चा आहे आणि भाव प्रमाणित मापातच सांगायचा असा त्याचा स्पष्ट नियम आहे, त्यामुळे गिऱ्हाइकाला बोर्डावर किलोचा भाव लिहायचा, काटा मुद्रांकन केलेला, म्हणजे वैधमापन खात्याकडून तपासून शिक्का मारून घेतलेला, हवा आणि त्याचं प्रमाणपत्र जवळ ठेवायचं. थेट घेण्याबद्दल तुम्हाला कुणी घाबरवलं असेल तर, २०१६ मध्ये महाराष्ट्रात फळं आणि भाज्या बाजार समितीच्या नियमनातून काढल्या, बाजार आवाराच्या बाहेर शेतकऱ्याकडून थेट खरेदी करता येते.

आता मेहुण्याचा क्रेट. तो लाकडी सांगाडा असतो, खाली जाड लाकडाचा बेस, बाजूने फळ्या किंवा प्लाय, आत मशिन बोल्टने बसवलेलं. फळ्यांमध्ये फटी ठेवल्या तर आम्ही क्रेट म्हणतो, पूर्ण बंद केला तर बॉक्स किंवा पेटी, पण पार्टी दोन्हीला क्रेटच म्हणते आणि आम्ही ड्रॉइंग बघितल्याशिवाय रेट देत नाही ते त्यासाठीच. तिथे वजनाची भाषा नाही, लाकडाची आहे. परदेशात जाणारं कच्चं लाकूड आयएसपीएम १५ ह्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ट्रीट केलेलं लागतं, हीट ट्रीटमेंट असेल तर लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस सलग ३० मिनिटं, म्हणजे आतली कीड, अळी, अंडी मरतात, आणि मग त्यावर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह आणि देशाचा कोड असलेला शिक्का बसतो. प्लायवूडला हा नियम नाही, कारण ते बनतानाच उष्णता, गोंद आणि दाबातून गेलेलं असतं. शिक्का नसलेला कच्च्या लाकडाचा क्रेट न्हावा शेव्यावरून निघाला तरी पलीकडच्या बंदरावर अडकू शकतो आणि तो खर्च मशिनवाल्याच्या डोक्यावर बसतो. तुम्हाला ह्यातलं काही लागणार नाही, पण मेहुणा चुकीचं बोलत नाहीये एवढं घरी सांगा.

दुधाचा क्रेट ही तिसरी गोष्ट, आणि इथे मला जरा कळकळीने सांगायचंय. अर्ध्या लिटरच्या २४ पिशव्या बसतात तो बारा लिटरचा, काही डेअऱ्यांचा वीस पिशव्यांचा दहा लिटरचा. तिथे क्रेट खरंच माप म्हणून चालतो कारण पिशवी ठरलेली, नग ठरलेले. तसंच काचेच्या बाटल्यांच्या कोल्ड्रिंकचं, चोवीस खणांचा क्रेट. पण हे क्रेट एजन्सीवाल्याचे नसतात आणि तुमचेही होत नाहीत, ते डेअरीचे किंवा कंपनीचे असतात, डिपॉझिट त्याचसाठी घेतात. भंगारवाल्याकडे डेअरीचं नाव कोरलेले क्रेट स्वस्तात मिळतात आणि बरेच नवे भाजीवाले तेच उचलतात. घेऊ नका. एक तर तो दुसऱ्याचा माल आहे, उद्या कुणी येऊन उतरवून घेतला तर तुम्ही काहीच बोलू शकत नाही. दुसरं, डेअरीचा माणूस पहाटे कमी क्रेट परत आले म्हणून स्वतःच्या खिशातून भरत असतो, तो गरीब माणूस असतो. आणि तिसरं म्हणजे भाजीसाठी तो उथळ पडतो, टोमॅटो दोन थर भरला की संपला.

बाकी अंडी क्रेटमध्ये मोजत नाहीत, तीसचा ट्रे आणि २१० ची पेटी. कांदा-बटाटा गोणीत. मेथी-कोथिंबीर जुडीवर, शेकड्याने. हापूस पेटीत नाहीतर पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये डझनावर, सुटा आंबा मात्र क्रेटमध्ये आणि किलोवर. तुमच्याच सोसायटीत कुणी कुत्र्यासाठी क्रेट शोधत असेल तर तो जाळीच्या दाराचा पिंजरा, विमानाने न्यायचा असेल तर कुत्र्याला आत उभं राहता, वळता आणि पसरून झोपता आलं पाहिजे ही अट असते. आणि ऐरोलीला माइंडस्पेसमध्ये कामाला जाणाऱ्या पोरांच्या तोंडी रस्ट नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेतला क्रेट येतो, तिथे तयार कोडच्या गठ्ठ्याला तेच नाव दिलंय. तेव्हा ऑनलाइन सर्च करून भलतंच काही आलं तर त्याचं कारण हे.

आता खरेदी. तुम्हाला लागणार तो वर लिहिला तोच, ५४० बाय ३६० बाय २९०, चारी बाजूंनी जाळी. बंद भिंतीचा क्रेट दिसायला मजबूत वाटतो आणि दुकानदार तो पुढे करतो, पण भाजी तोडल्यावरही श्वास घेत असते, उष्णता आणि ओल सोडत असते, बंद क्रेटात मधला माल गरम होतो आणि सकाळी उघडला की मधल्या थराला पाणी सुटलेलं असतं. मासळीला, बर्फाच्या मालाला बंद क्रेट ठीक. तळ मात्र भाजीच्या क्रेटचाही फार मोठ्या भोकांचा नको, छोटी काकडी, मिरची खाली अडकते आणि वरच्या वजनाने तुटते.

मटेरियल एचडीपीई, म्हणजे जाड, टणक जातीचं प्लास्टिक. नवीन दाण्याचा माल आणि भंगार वितळवून परत केलेला माल ह्यात किमतीत बराच फरक असतो आणि रंगावरून पुष्कळ कळतं, परत केलेल्याचा रंग मळकट, एकाच क्रेटवर कुठे गडद कुठे फिका, आणि नाकाजवळ नेला की रॉकेलसारखा किंवा जळका वास. खायच्या वस्तूला तो घेऊ नका, आधी त्यात काय ठेवलेलं प्लास्टिक होतं ते आपल्याला माहीत नसतं.

सेकंडहँड घ्यायला माझी हरकत नाही, सुरुवातीला तेच परवडतं, पण गठ्ठ्याने उचलू नका, एकेक हातात घेऊन बघा. मी कशी बघते ते सांगते. क्रेट पालथा घालायचा आणि तळाचे चार कोपरे आधी बघायचे, कारण आपटतो तो कोपऱ्यावर. कोपऱ्याजवळ केसासारखी बारीक चीर असेल तर बाजूला. मग लांब भिंतीच्या मधोमध दोन्ही अंगठ्यांनी दाबायचं. चांगला क्रेट आत जातो आणि सोडला की तसाच परत येतो. उन्हाने वाळलेला असेल तर अंगठ्याखाली पांढरट रेषा उमटते, कधी तडकन आवाजही येतो, असा क्रेट दोन फेऱ्यांत जातो. मग हाताची पकड, म्हणजे दोन्ही टोकांना बोटं घालायची जी फट असते तिची वरची कड, ती तुटलेली असेल तर हमालाचा हात कापतो. शेवटी दोन क्रेट एकावर एक ठेवायचे आणि वरचा हलवून बघायचा, डुगडुगला तर त्यातला एक वाकडा आहे.

हे एकावर एक बसणं म्हणजेच ह्या वस्तूचा जीव आहे. भरलेल्या क्रेटचं वजन खालच्या क्रेटच्या कडेवर आणि कोपऱ्यांवर गेलं पाहिजे, मालावर नाही. शेतकरी प्रेमाने शिगोशीग भरून देतो, वर डोंगर करतो, आणि त्यावर दुसरा क्रेट बसला की सगळं वजन त्या वरच्या टोमॅटोंवर येतं. त्यामुळे त्याला आधीच सांगून ठेवा की कडेच्या दोन बोटं खाली थांबा, कमी भरला तरी चालेल, मी वजनाप्रमाणे पैसे देतो. टोमॅटोचा देठ काढून भरायला सांगा, देठ शेजारच्या फळाला टोचतो आणि तिथूनच सड सुरू होते. आणि तळाला वर्तमानपत्र घालू नका, शाई लागते, खाण्याच्या वस्तूला छापील कागद लावू नये असं एफएसएसएआय ह्या अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेनेही सांगितलंय. घालायचंच असेल तर कोरा कागद किंवा पातळ फोमची शीट.

गाडीचं गणित लोक नेहमी जागेवर करतात, ते वजनावर करायचं असतं. छोट्या हत्तीच्या, म्हणजे टाटा एस टेम्पोच्या, हौद्यात ह्या मापाचे एका थरात पंधरा-सोळा क्रेट बसतात, चार थर लावले की साठच्या वर जातात, आणि ड्रायव्हर म्हणतो बसतंय की. पण त्या गाडीची क्षमता साडेसातशे किलोच्या आसपास असते, मॉडेलप्रमाणे थोडी कमी-जास्त, आरसी बघून घ्या. टोमॅटोचा भरलेला क्रेट बावीस किलोला गेला तर चौतीस क्रेटला गाडी भरली. तुमचा माल माळशेज घाटातून मुरबाड, कल्याणमार्गे येणार, ओव्हरलोड गाडी घाट उतरवणं ही पैशाची गोष्ट राहत नाही, ड्रायव्हरच्या जिवाची होते. टोमॅटो, काकडी खाली आणि ढोबळी वर लावली की गाडी उंच दिसते पण वजनात बसते, दोरी मात्र क्रेटच्या कडेवरून घ्या, मालावरून नको.

धुण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण विचारायला हवं होतं. घरपोच भाजी देताय म्हणजे क्रेट लिफ्टमधून, लोकांच्या दारापर्यंत जाणार. फेरी झाली की साबणाच्या पाण्याने ब्रशने घासायचा, स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत पालथा घालून वाळवायचा. मागच्या आठवड्यातला एक कुजका टोमॅटो जाळीत चिकटून राहिला की पुढच्या भरतीला त्याची बुरशी लागते. सावलीत म्हणते ते मुद्दाम, गच्चीवर महिनोन्‌महिने उन्हात रचून ठेवलेला क्रेट न वापरताच कडक होऊन फुटतो. बाहेर ठेवण्याशिवाय जागाच नसेल तर घेतानाच यूव्ही स्टॅबिलायझर, म्हणजे प्लास्टिक उन्हाने कडक होऊ नये म्हणून मिसळायचं रसायन, घातलेला मागा.

भाड्याने का विकत, हे तुम्ही आठवड्याला किती फेऱ्या करणार त्यावर आहे. अजून गिऱ्हाईक पक्कं नसेल, आठवड्याला एकच गाडी असेल, तर पहिले दोन महिने भाड्याने घ्या किंवा शेतकऱ्याच्याच क्रेटात आणून त्याच गाडीने रिकामे परत पाठवा. मी स्वतः क्रेट विकते तरी हेच सांगेन, कारण न वापरलेले क्रेट ठाण्यात ठेवायला जी जागा लागते तिचं भाडं क्रेटपेक्षा महाग पडतं. आठवड्याला दोन गाड्या नियमित व्हायला लागल्या की विकत घ्या.

किती घ्यायचे ते असं मांडा. गाडीला चौतीस क्रेट धरले तर दोन सेट लागतात, एक तुमच्याकडे विकला जातोय तेव्हा दुसरा शेतात भरला जातोय, भरलेली गाडी इकडे आली की तीच रिकामे घेऊन परत जाते. म्हणजे ६८, आणि हरवण्या-फुटण्यासाठी सहा-सात वर, पंचाहत्तर घ्या. तीन गावांतून माल येणार असेल आणि गाडी रोज सगळीकडे जाणार नसेल तर तिसरा सेट लागेल, नाहीतर एखाद्या दिवशी तोडणी झालेली आणि भरायला क्रेट नाही अशी पाळी येते आणि शेतकरी माल दुसऱ्याला देऊन मोकळा होतो, त्यात त्याची चूक नसते. सगळे एकाच रंगाचे आणि बाजारात कमी दिसणाऱ्या रंगाचे घ्या, दोन्ही बाजूंना नाव आणि नंबर टाकून घ्या, घेतानाच टाकून मिळतं. प्रत्येक शेतकऱ्याच्या नावाने वहीत एक पान ठेवा, गेले किती, आले किती, तारखेसकट, आणि गाडी निघण्याआधी ड्रायव्हरची सही.

तुम्ही कुठल्या भाज्या आणि साधारण किती घरांना देणार ते लिहा, म्हणजे ढोबळीसाठी वेगळा उथळ क्रेट परवडतो का ते सांगते. तो प्रश्न घरांच्या आकड्याशिवाय सुटत नाही.